88 मतांचा निकाल: करिबू-चिलकोटिन, मे 2009

ओंडका
कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या (बीसी) प्रांतिक निवडणुकांची चर्चा व्हँकूवर आणि सरीच्या पुढे फारशी सरकत नाही. म्हणून मुद्दाम आतल्या भागातली एक लढत घेऊन हा धागा काढतोय. करिबू-चिलकोटिन म्हणजे विल्यम्स लेक, 100 माइल हाऊस आणि पश्चिमेला पसरलेलं चिलकोटिनचं पठार. पोट जंगलावर, गुरांवर आणि तांब्याच्या खाणींवर. 12 मे 2009 च्या रात्री इथे डावीकडे झुकलेल्या एनडीपी पक्षाचे चार्ली वाइज थोड्या मतांनी पुढे होते. गैरहजर मतदारांची मतं मोजली गेली आणि प्रांतात सत्तेवर असलेल्या बीसी लिबरल पक्षाच्या डॉना बार्नेट 88 मतांनी निवडून आल्या.
याचं कारण म्हणून कोणी कार्बन टॅक्सचं नाव घेतं, कोणी बंद पडलेल्या लाकूड गिरण्यांचं. माझं मत वेगळं आहे. 88 मतांचा फरक धोरणाने ठरत नाही. त्या दिवशी कोण कुठे कामाला होतं आणि कोणाचं मत कोणत्या लिफाफ्यात पडलं, यावर तो ठरतो. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात. गैरहजर मतं नेमकी मोजतात कशी? लाकूड आणि खाणीच्या भागात ती एका बाजूला झुकतात का? आणि इतका कमी फरक असून न्यायालयीन फेरमोजणी का झाली नाही?

गणकयंत्र
तेव्हाची, म्हणजे 2024 च्या आधीची, पद्धत कळली की अर्धा गुंता सुटतो. मतदान सकाळी 8 ते रात्री 8. आठला दार बंद होतं आणि त्याच टेबलावर मतपत्रिका उलगडून हाताने मोजणी सुरू होते. रात्री टीव्हीवर दिसणाऱ्या आकड्यात फक्त दोन प्रकारची मतं असतात: नेमून दिलेल्या केंद्रावर दिलेली, आणि आगाऊ मतदानाच्या दिवसांत आपल्याच मतदारसंघात दिलेली.
बाकी सगळं बंद लिफाफ्यात पडून असतं. आपल्याच मतदारसंघात पण भलत्या केंद्रावर दिलेलं मत, दुसऱ्या मतदारसंघातून दिलेलं, टपालाने आलेलं, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात दिलेलं, रुग्णालयात किंवा दुर्गम कामाच्या जागी फिरत्या पथकाकडे दिलेलं, हे सगळं त्यातच. मतपत्रिका आधी गुप्ततेच्या कोऱ्या लिफाफ्यात जाते. तो लिफाफा दुसऱ्या लिफाफ्यात, आणि त्या बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराचं नाव, पत्ता, सही. हे सगळं प्रांतभरातून ज्याच्या त्याच्या मतदारसंघात परत यायला वेळ लागतो, म्हणून अंतिम मोजणी मतदानानंतर 13 दिवसांनी सुरू व्हायची.
मोजणीच्या दिवशी आधी बाहेरचा लिफाफा तपासतात. माणूस पात्र आहे का, याच मतदारसंघाचा आहे का, आणखी कुठे मत दिलंय का, सही आहे का. यातलं काही चुकलं तर लिफाफा न उघडता बाजूला. बरोबर असेल तर आतला कोरा लिफाफा काढून पेटीत, इतरांच्या लिफाफ्यांत मिसळून. पेटीत गेल्यावर तो कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून उमेदवाराच्या प्रतिनिधीला आक्षेप घ्यायचा तो त्याआधीच घ्यावा लागतो. नवखे प्रतिनिधी चुकतात ते इथेच: मतपत्रिका उघडायची वाट बघत बसतात, आणि खरी तपासणी समोरून निघून गेलेली असते.

शेवंती
एक बाळबोध शंका. बीसी लिबरल म्हणजे कॅनडाचे माजी पंतप्रधान ट्रुडो यांचाच पक्ष ना? मग खाणकामगारांच्या गावात तो उजवा कसा धरतात?

देवदार
नाही, शेवंतीताई. नाव सारखं, पक्ष वेगळा. बीसी लिबरल ही प्रांतातल्या उजव्या-मध्यममार्गी मतदारांची मोट होती. त्यात संघराज्य पातळीवर कॉन्झर्व्हेटिव्हला मत देणारे भरपूर. 2023 मध्ये त्यांनी नाव बदलून बीसी युनायटेड केलं, आणि ऑगस्ट 2024 मध्ये ऐन तोंडावर निवडणुकीतून माघार घेतली. त्यांची बरीचशी मतं जॉन रुस्टॅड यांच्या बीसी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेली.
2009 चं त्रांगडं असं की कार्बन टॅक्स आणला याच उजव्या पक्षाने. 1 जुलै 2008 पासून टनामागे 10 डॉलर, पेट्रोलवर लिटरमागे अडीच सेंटच्या आत. आणि कॅरोल जेम्स यांच्या एनडीपीने त्याला विरोध केला. ग्रामीण मतदाराला तो विरोध पटला, कारण तिथे पिकअप ट्रकशिवाय पान हलत नाही आणि हिवाळा सहा महिने. पण शहरातले पर्यावरणवादी एनडीपीवर नाराज झाले. म्हणून ओंडका, कार्बन टॅक्समुळे वाइज हरले हे तुमच्या ऐकण्यात आलं असेल तर ते उलटं आहे. त्या मुद्द्याने करिबूत झाला असेल तर त्यांना फायदाच झाला असेल.

रानवाट
कोण कुठे कामाला होतं, याचं उत्तर आधी कॅलेंडरमध्ये शोधा. तेव्हा निवडणूक मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी व्हायची. करिबूत मे म्हणजे ब्रेकअप. बर्फ वितळतं, जंगलातले कच्चे रस्ते चिखल होतात, ओंडक्यांची वाहतूक थांबते. झाडं तोडणारे आणि लॉगिंग ट्रकवाले घरी असतात, यंत्रांची दुरुस्ती करत. म्हणजे लाकूडतोड्यांची मतं बहुतेक नेमलेल्या केंद्रावरच पडतात, लिफाफ्यात नाही.
बाहेर असतात ते दुसरेच. खाणीत 12 तासांच्या पाळ्या. पाळी 7 ते 7 असेल आणि जायला-यायला तासभर बस असेल, तर 8 ते 8 ही मतदानाची वेळ जवळजवळ पूर्ण जाते. कायद्याने कामगाराला मतदानासाठी सलग चार तास मोकळे द्यावे लागतात, पण जागा इतकी दूर असेल की केंद्र गाठताच येणार नाही, तर ही सक्ती नाही. असे लोक आगाऊ तरी मत देतात, नाहीतर देतच नाहीत. त्यात अल्बर्टाच्या तेलक्षेत्रात पंधरा-पंधरा दिवसांच्या फेरीवर जाणारे वेगळे.
याच महिन्यात झाडं लावणाऱ्यांचे तंबू पडतात. बरीच मुलं ऑन्टारियो आणि क्यूबेकची. बीसीत सहा महिने वास्तव्य नसेल तर त्यांना इथे मत नाही. आणि बीसीचीच मुलं असली तरी मत घरच्या मतदारसंघात जातं. कामाच्या छावणीत राहिलं म्हणून माणूस तिथला मतदार होत नाही. हा नियम खाणीच्या आणि पाइपलाइनच्या भागात नीट समजून घेतला पाहिजे: छावणीत हजार माणसं असली तरी स्थानिक उमेदवाराच्या पदरात त्यातली फार थोडी पडतात.

पाटीपेन्सिल
सगळं खरं. पण धागाकर्त्याचं मूळ म्हणणं मला अजिबात पटत नाही. 88 चा आकडा लिफाफ्यातून आला असेल. लढत 88 वर येऊन का ठेपली, हे लिफाफे सांगत नाहीत.
2003 मध्ये प्रांत सरकारने वनकायद्यातली ॲपर्टेनन्सीची अट काढली. सोप्या भाषेत, ज्या कंपनीला सरकारी जंगलातलं लाकूड तोडायचा हक्क मिळे तिला त्या भागातली ठरावीक गिरणी चालू ठेवावी लागे. ती अट गेली आणि लाकूड ट्रकवर चढून दुसऱ्या गावच्या मोठ्या गिरणीत जायला मोकळं झालं. त्याच वेळी पाइन बीटल या भुंग्याचा उच्छाद. प्रांतातल्या तोडण्याजोग्या पाइनपैकी निम्म्याहून अधिक लाकूड त्याने उभ्या उभ्या मारलं. मेलेलं झाड काही वर्षंच कापण्यालायक राहतं, मग ते वाळून तडकतं आणि फळ्यांऐवजी भुसाच जास्त निघतो. म्हणून वार्षिक तोडीची मर्यादा तात्पुरती वाढवली, आणि मेलेल्या लाकडाचं स्टंपेज, म्हणजे सरकारला द्यायचा दर, घनमीटरला 25 सेंट या किमान पातळीपर्यंत खाली आलं. लाकूड मुबलक, आणि नेमका 2008 मध्ये अमेरिकेतला घरबांधणीचा बाजार कोसळला. वर अमेरिकेशी झालेल्या 2006 च्या लाकूड करारामुळे भाव 315 अमेरिकी डॉलरच्या खाली असताना बीसीच्या निर्यातीवर 15 टक्के कर. पाळ्या कमी झाल्या, गिरण्या बंद पडल्या.
हे सगळं सत्ताधारी पक्षाच्या काळात घडलं, तरीही त्यांची उमेदवार जिंकली. हा प्रश्न लिफाफ्यांपेक्षा मोठा नाही का?

ओंडका
मोठा आहेच. पण उत्तर काय? तुम्ही दिलेली सगळी कारणं वाइज यांच्या बाजूची आहेत.

पाटीपेन्सिल
उत्तर असं की गिरणी बंद पडली की माणूस दोन प्रश्न विचारतो: कोणामुळे गेली, आणि पुढचं काम कोण आणेल. पहिल्यावर एनडीपीला मतं मिळतात, दुसऱ्यावर समोरच्याला. विल्यम्स लेकमध्ये तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं प्रॉस्पेरिटी, टासेको कंपनीची सोन्या-तांब्याची प्रस्तावित खाण. प्रांताने तिला जानेवारी 2010 मध्ये पर्यावरण प्रमाणपत्र दिलं. संघराज्य सरकारने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाकारलं आणि सुधारित आराखडाही 2014 मध्ये नाकारला. निवडणुकीच्या वेळी मात्र आशा जिवंत होती. त्यात बार्नेट 100 माइल हाऊसच्या माजी महापौर. गावातलं वजन वेगळंच.

चांदणचुरा
प्रॉस्पेरिटीचं नाव निघालं की दुसरी बाजूही यायलाच हवी. त्या आराखड्यात फिश लेक, या भागातल्या मूलनिवासी सिल्हकोतीन लोकांचं तेझ्तान बिनी, हे तळं नष्ट होणार होतं. सिल्हकोतीनांचा विरोध सुरुवातीपासून ठाम होता. त्यांच्या जमिनीच्या हक्काचा खटला तेव्हा चालूच होता. 2007 मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल आला होता, आणि 26 जून 2014 ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1,700 चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशावर त्यांचा मूलनिवासी हक्क मान्य केला. कॅनडात असा निकाल पहिलाच. ‘खाणीचा जिल्हा’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका.
आणि मतदानाच्या बाबतीत या वस्त्यांची अडचण फार साधी असते. हायवे 20 विल्यम्स लेकहून निघून बेला कूलाला जातो, साधारण 450 किलोमीटर. अलेक्सिस क्रीक, टाटला लेक, अनाहिम लेक ही गावं त्यावरची. केंद्र वस्तीत नसेल तर मतासाठी मे महिन्याच्या चिखलातून तासभर गाडी हाकावी लागते. त्यात 2009 पासून मतदानाला ओळखपत्राची सक्ती आली. गावात घरांना क्रमांक नसतात, पत्ता म्हणजे पोस्टाची पेटी. राहत्या जागेचा पुरावा आणायचा कुठून? यावर तोड आहे: त्याच मतदारसंघातला, स्वतःची कागदपत्रं असलेला मतदार दुसऱ्याची ओळख देऊ शकतो. पण हे आधी ठाऊक असलं तर. दारातून परत गेलेला माणूस कोणत्याच लिफाफ्यात सापडत नाही. 88 च्या हिशेबात मला ही न पडलेली मतं सगळ्यात मोठी वाटतात.

शेवंती
शेवटच्या दोन वाक्यांसाठी +1.

गणकयंत्र
फेरमोजणीचं राहिलं होतं. बीसीत दोन टप्पे आहेत. पहिला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या पातळीवर, अंतिम मोजणीचाच भाग. पहिल्या दोघांत 100 किंवा कमी मतांचा फरक असेल, किंवा मोजणीत ठोस चूक दाखवता आली, तर आधी मोजलेल्या मतपत्रिका पुन्हा मोजता येतात. दुसरा न्यायालयीन, प्रांताच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशापुढे. तो आपोआप लागतो तो मतं समसमान पडली तर, किंवा फरक एकूण मतपत्रिकांच्या पाचशेव्या भागाहून कमी असला तर.
आता 88 गुणिले 500 म्हणजे 44,000. इतक्या मतपत्रिका असत्या तर 88 ही सीमा झाली असती. करिबू-चिलकोटिनसारख्या विरळ वस्तीच्या मतदारसंघात त्याच्या निम्म्यानेही मतं पडत नाहीत. 15,000 धरली तरी मर्यादा 30 येते. म्हणजे 88 हा फरक ऐकायला निसटता, न्यायालयीन फेरमोजणीच्या मापाने चांगलाच सुरक्षित.

सह्यकडा
म्हणजे मतदारसंघ जितका लहान तितकी न्यायालयीन फेरमोजणी अवघड? 20 हजार मतं पडली तर 40 च्या आत यायला हवं. हे ग्रामीण भागावर अन्यायाचं नाही का?

गणकयंत्र
नाही, उलट बरोबर आहे. मोजणीतल्या चुका मतपत्रिकांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतात. मतं कमी तर चुकायच्या जागाही कमी. हाताच्या मोजणीत नेहमीच्या चुका दोनच: एका गठ्ठ्याचा आकडा शेजारच्या उमेदवाराच्या रकान्यात लिहिणं, आणि दोन मतपत्रिका चिकटून एक मोजली जाणं. पहिली चूक एका झटक्यात शंभरेक मतं इकडची तिकडे करू शकते, पण ती केंद्राच्या हिशेबात पकडता येते. दिलेल्या, बिघडलेल्या आणि उरलेल्या मतपत्रिकांची बेरीज मिळालेल्या मतपत्रिकांइतकी यावी लागते, आणि उमेदवारांच्या बेरजा त्याला जुळाव्या लागतात.

देवदार
लिफाफे कुठे झुकतात, या प्रश्नाला 2017 चं कोर्टनी-कॉमॉक्स हे चांगलं उत्तर आहे. व्हँकूवर बेटावरचा मतदारसंघ, कॉमॉक्सला हवाई दलाचा तळ. 9 मेच्या रात्री एनडीपीच्या रॉना-रे लेनर्ड 9 मतांनी पुढे होत्या. फेरमोजणीत फरक 13 झाला. लिफाफे शिल्लक दोन हजारांच्या वर. तळावरच्यांची मतं लिबरलांना जातील, असं बरंच बोललं जात होतं. प्रत्यक्षात लेनर्ड 10,886, लिबरलांचे जिम बेनिंजर 10,697. फरक 189, तोही एनडीपीच्याच बाजूने वाढलेला. ग्रीन 5,351 आणि कॉन्झर्व्हेटिव्ह 2,201 वेगळेच.
2009 ला करिबूत लिफाफ्यांनी लिबरलला जिंकवलं, 2017 ला कॉमॉक्समध्ये एनडीपीला. त्यांना ठरलेली बाजू नाही. आणि ही 189 मतं साधी नव्हती. 87 पैकी लिबरल 43, एनडीपी 41, ग्रीन 3. कोर्टनी-कॉमॉक्स उलटलं असतं तर लिबरल 44, म्हणजे बहुमत. त्याऐवजी 29 जूनला लिबरल प्रीमियर (प्रांताच्या मुख्यमंत्री) क्रिस्टी क्लार्क विश्वासमतात 44 विरुद्ध 42 ने हरल्या आणि एनडीपीचे जॉन हॉर्गन प्रीमियर झाले.

सह्यकडा
अवांतर आहे, पण ग्रीन आणि कॉन्झर्व्हेटिव्हच्या मतविभागणीवरून आठवलं. मे 2009 ला करिबूच्या मतदाराच्या हातात दुसरी मतपत्रिकाही होती, एसटीव्ही नावाच्या नव्या मतदान पद्धतीवरच्या सार्वमताची. 85 आमदार, पण मतदारसंघ फक्त 20, प्रत्येकात 2 ते 7 आमदार आणि पसंतीक्रमाने मत. 2005 मध्ये त्याला 57.69 टक्के मिळाले होते. अट 60 ची होती. 2009 मध्ये 39 टक्क्यांवर आपटलं. उत्तरेत आणि आतल्या भागात एक आक्षेप सतत येत होता: आधीच आमदार तीन तासांच्या अंतरावर, आता मतदारसंघ आणखी अवाढव्य होणार. या आक्षेपाला माझी पूर्ण सहानुभूती आहे. 2017 ला उत्तरेतल्या स्टिकीन मतदारसंघाची लोकसंख्या सुमारे 20 हजार आणि प्रांताची सरासरी 53 हजारांच्या आसपास होती. शहरातले लोक याला अन्याय म्हणतात. पण त्या प्रदेशात आमदाराला एका गावाहून दुसऱ्या गावी जायला किती दिवस जातात, हे नकाशा उघडून पाहावं.

पाटीपेन्सिल
सहमत. फक्त लोकसंख्येवर मोजलं तर जंगलातून येणारा महसूल मोजायचा आणि जंगलात राहणारा माणूस नाही, असं होतं.

रानवाट
आता निवडणूक ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी असते. म्हणजे वर लिहिलेलं कॅलेंडर पूर्ण बदललं. ऑक्टोबरात ब्रेकअप नाही, ओंडक्यांची वाहतूक जोरात, शिवाय शिकारीचा हंगाम. घरात थांबणारा लाकूडतोड्या आता जंगलात असतो. शनिवार असल्याने शहरातल्या नोकरदाराची सोय झाली. पाळीवर काम करणाऱ्याला शनिवार काय आणि मंगळवार काय.

गणकयंत्र
आणि लिफाफेही घटले. 2017 मध्ये रात्रीच्या मोजणीनंतर सुमारे 1 लाख 80 हजार मतं मागे होती. 2024 मध्ये बहुतेक केंद्रांवर मतदारयाद्या संगणकाने जोडलेल्या आणि मोजणी यंत्राने. मागे राहिली ती 66 हजारांच्या आसपास. जिथे नेटवर्क पोचत नाही अशा लहान केंद्रांवर मात्र कागदी यादी आणि हाताची मोजणी कायम.
यंत्र आलं म्हणून चुका संपल्या नाहीत, जागा बदलली. 2024 मध्ये प्रिन्स जॉर्ज-मॅकेन्झीत 861 मतांची एक अख्खी पेटी मोजायची राहून गेल्याचं नंतर उघड झालं. तोही लाकडावर जगणारा भाग; मॅकेन्झी गाव तर 1960 च्या दशकात गिरण्यांसाठीच वसवलं. तिथे फरक मोठा होता, निकाल बदलला नाही. त्याच निवडणुकीत सरी-गिल्डफर्ड न्यायालयीन फेरमोजणीनंतर 22 मतांनी ठरलं आणि त्यामुळे एनडीपीचे 93 पैकी 47 झाले. ती 861 ची पेटी 22 च्या मतदारसंघात राहिली असती तर? यंत्राचा आकडा बरोबर असेल, पण सगळ्या पेट्या यंत्रापर्यंत आल्या का, हे माणसानेच मोजायचं असतं.

ओंडका
मूळ प्रश्नावर येतो. लिफाफ्यांना ठरलेली बाजू नाही, हे देवदार यांच्या उदाहरणाने मला मान्य करावं लागतंय. मग करिबूत ते बार्नेट यांच्याकडे का गेले, हे तपासायचं कसं?

पाटीपेन्सिल
बार्नेट 2013 आणि 2017 मध्ये पुन्हा निवडून आल्या, तेही सहज. 2013 मध्ये एनडीपीचे एड्रियन डिक्स यांनी प्रचार चालू असतानाच किंडर मॉर्गनच्या तेल पाइपलाइनला विरोध जाहीर केला, त्याचा आतल्या भागात फटका बसला. म्हणजे 2009 ला काटा ज्या दिशेला हलला तीच दिशा पुढे पक्की झाली. लिफाफे त्या दिशेला गेले यात मला नवल वाटत नाही.

गणकयंत्र
दिशा पुढच्या निवडणुकांवरून काढू नका, त्याच निवडणुकीच्या कागदावर ती सापडते. प्रांताची निवडणूक यंत्रणा, इलेक्शन्स बीसी, प्रत्येक निवडणुकीनंतर मतांचं विवरण छापतं, केंद्रनिहाय. त्यात आगाऊ मतदान वेगळं, टपालाचं वेगळं, आणि गैरहजर मतांचे प्रकारही वेगळे असतात. आधी 100 माइल हाऊसच्या बाजूची केंद्रं आणि विल्यम्स लेकची केंद्रं यांची बेरीज वेगवेगळी करा. मग गैरहजर मतांतलं दोघांचं प्रमाण या दोन बेरजांशी ताडून पाहा. प्रमाण 100 माइलच्या जवळ असेल तर माजी महापौरांच्या घरच्या भागातलीच माणसं बाहेरून मत देत होती. त्यातही मतदारसंघाच्या आतच भलत्या केंद्रावर दिलेली मतं जास्त असतील, तर अल्बर्टा आणि खाणीचा मुद्दा बाजूला ठेवा. ते लोक कामानिमित्त शेजारच्या गावात होते, एवढाच त्याचा अर्थ.

चांदणचुरा
आणि तेच विवरण हातात असताना हायवे 20 वरच्या केंद्रांची नोंदलेले मतदार आणि पडलेली मतं हे दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहा. कोणाला मत दिलं हा रकाना त्यानंतर.

ओंडका
दोन्ही करतो. आकडे याच धाग्यावर टाकतो, केंद्रांच्या नावांसकट.